मदत हवी आहे: कामं वाटून दिली, पण डोक्यातून जात नाहीत

नमस्कार मंडळी,

राहायला पुण्यात वानवडी, ऑफिस खराडीला. नवरा रांजणगाव एमआयडीसीत, त्याची कंपनीची बस पहाटेच निघते. मुलगी आठवीत, मुलगा तिसरीत, सासूबाई आमच्याकडेच असतात. पोळीभाजीला मावशी आहेत, भांडी-फरशीला दुसऱ्या. म्हणजे सगळं माझ्या एकटीच्या अंगावर आहे असं अजिबात नाही. तरी हा धागा काढतेय.

अडचण अशी की काम दिलं तरी त्यातला विचार माझ्याकडेच राहतो. शनिवारची भाजी नवऱ्याकडे आहे. जातो बिचारा न कुरकुरता. पण गाडीवाल्यासमोर उभा राहून फोन सुरू: मेथी एक जुडी की दोन? गवार जून दिसतेय, घेऊ का? कोथिंबीर तीस म्हणतोय, महाग आहे का? मी तेव्हा संडे स्कूलसाठी (चर्चमधला मुलांचा रविवारचा वर्ग, तो माझ्याकडे आहे) बायबलातल्या नोहाच्या तारवाचे कागदी प्राणी कापत बसलेली, एका हातात कात्री, एका हातात फोन. मुलगी धाकट्याचा डबा भरते, पण काय भरायचं ते रात्रीच मला विचारून ठेवते. सासूबाई भाज्या निवडून देतात, लसूण सोलतात. मात्र मावशींनी काय करायचं हे मी सांगितलं की त्यांचा चेहरा उतरतो.

त्यात रविवार. ऑफिसातल्या मैत्रिणी म्हणतात, तुमचा तर विसाव्याचा दिवस! सकाळी मुलांना आवरून संडे स्कूल, मग उपासना, मग महिला मंडळ. त्यात मावशींची सुट्टी, आणि चर्चमधून परतताना कोणी ना कोणी जेवायला बरोबर असतंच. आता डिसेंबर तोंडावर आलाय. मुलांचं नाताळचं नाटक माझ्याकडे, नाताळची गाणी गाणारे कॅरलवाले एका रात्री आमच्याकडे येणार, शिवाय घरचा फराळ.

मदर्स डेच्या उपदेशात बायबलच्या नीतिसूत्रे 31 मधली सद्गुणी स्त्री हमखास येते. रात्र सरायच्या आत उठणारी, दिवा मालवू न देणारी. पण 15व्या वचनात तिच्या घरी दासी आहेत, हे वाचून दाखवलं तरी पुढे त्यावर कुणी बोलत नाही! असो.

तर प्रश्न दोन. काम जबाबदारीसकट कसं सोपवायचं? आणि मंडळीतलं, म्हणजे चर्चमधलं, एखादं काम कुणाला न दुखावता कसं सोडायचं? 'देवाचं काम' म्हटलं की माझी जीभच रेटत नाही.

---

केडगावची लेक: ताई, बायबलातला निर्गम 18 पुन्हा वाचा. इस्राएल लोकांचा पुढारी मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत न्यायनिवाडा करत बसलेला बघून त्याचा सासरा इथ्रो म्हणतो, हे तुला एकट्याला झेपायचं नाही. हजार, शंभर, पन्नास, दहा जणांवर नायक नेमायला सांगतो, हे सगळ्यांना पाठ असतं. पण त्याआधी लोकांना नियम शिकव म्हणतो, आणि लहानसहान प्रकरणं त्या नायकांनीच मिटवायची, अवघड तेवढं मोशेकडे आणायचं. तुमच्याकडे मेथीची जुडी मोशेपर्यंत येतेय. नवऱ्याला एकदाच सांगा: आठवड्याला दोन पालेभाज्या, तीन फळभाज्या, एवढे पैसे, बाकी तुझं तू बघ. आणि फोन उचलू नका. गवार जून निघाली तर जून खायची. हे जमलं नाही तर बाकी काहीच जमणार नाही.

निवृत्त शिक्षिका, कोथरूड: मी ख्रिस्ती नाही, पण सासू आहे. लसूण सोलायला देणं हे काम झालं, मान नाही. आठवड्याचा बेत त्यांनाच ठरवू दे, मावशींनाही त्याच सांगतील. डब्यात दोनदा दुधी आला तर चालवून घ्या.

बारका बोका: माझी आई पाळकीणबाई, म्हणजे चर्चच्या पाळकांची बायको, म्हणून दुसऱ्या बाजूने सांगतो. 'मला जमत नाही' असं डिसेंबरात कळलं की पंचाईत होते. आत्ता कळलं तर कुणी रागावत नाही. नाटक ठेवा, संडे स्कूलचा वर्ग नाताळपर्यंत सोडा. आणि बदली माणूस तुम्ही शोधत बसू नका. बायबलात प्रेषितांची कृत्ये 6 मध्ये विधवांच्या रोजच्या वाटपावरून कुरबुर झाली, तेव्हा प्रेषितांनी, म्हणजे येशूच्या बारा शिष्यांनी, मंडळीलाच सात जण निवडायला सांगितले. देवाचं काम होतं तेही.

मूळ लेखिका: सगळ्यांचे आभार. बुधवारच्या प्रार्थनासभेनंतर पाळकांशी बोलते. बेताची वही सासूबाईंकडे देऊन टाकली. पहिला प्रश्न आला: "मावशींना शेपू आवडत नाही, तरी करायला सांगू का?" म्हटलं, तुम्ही ठरवा आई.

फराळातल्या चकल्या-करंज्या यंदा विकत. नानकटाई मात्र घरच्या साहित्याचीच हवी. वानवडी-फातिमानगर भागात साहित्य घेऊन भाजून देणारी बेकरी कुणाला माहीत आहे का? आपला डबा आपल्यालाच परत मिळेल अशी.