शब्दचर्चा : आगोट, बेगमी आणि पुरवणे

चिपळूणकर (प्रश्न) :
मे महिना सरत आला की उरण-अलिबागकडे "आगोट भरली का?" असं विचारतात आणि मालवणकडे "बेगमी झाली काय?" दोन्हींचा रोख पावसाळ्याआधी घरात आणून ठेवायच्या जिनसांकडेच दिसतो. मग हे समानार्थी शब्द धरावेत का? त्यांच्या जागी सरळ 'साठा' किंवा 'साठवण' म्हटलं तर काय हरवतं? कोशातल्या अर्थापेक्षा घरातला वापर सांगावा. किती आणायचं, कसं ठेवायचं हा हिशोब या शब्दांसोबतच चालत आलेला आहे, तोही लिहावा.

अलिबागकर :
आगोट हे आधी काळाचं नाव, मग सामानाचं. पाऊस तोंडावर आलेले दिवस म्हणजे आगोट. २५ मेच्या सुमारास रोहिणी नक्षत्र लागतं आणि ७-८ जूनला मृग; साधारण तेवढ्यात ती धरतात. "आगोटीच्या आधी कौलं परतून घ्या", "होड्या आगोटीला वर ओढल्या" या वाक्यांत सामानाचा संबंधही नाही. पुढे त्या दिवसांत होणाऱ्या खरेदीलाच आगोट म्हणू लागले. शब्द स्त्रीलिंगी : आगोट आली, आगोटीचा बाजार, आगोटीला. काही गावांत 'अगोट' म्हणतात आणि "अगोटची खरेदी" असं रूपही चालतं.

दर्यावर्दी घरात आगोटीचा हिशोब माशांवरून लागतो. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते, म्हणजे ६१ दिवस. खाडीचं, शेतातलं किंवा चढणीचं (पहिल्या पावसात प्रवाहाविरुद्ध वर चढणारी मासळी) काही मिळालं तर मिळालं, बाकी कालवणाची भिस्त सुक्यावर. म्हणून सुकी मासळी हा आगोटीतला सगळ्यात महाग आणि सगळ्यात लवकर बिघडणारा जिन्नस. तो घेताना घाई केली की पैसे पाण्यात जातात.

बोंबील वाकवून पाहावा. कडक वाळलेला असेल तर मोडतो, ओलसर असेल तर नुसता लवतो. लवणाऱ्या बोंबलात पाण्याचं वजन मासळीच्या भावाने घेतलं जातं, आणि तो जुलैत बुरसतो तो वेगळाच. पिवळा पडलेला बोंबील जुना. त्यातलं तेल खवट झालेलं असतं, ते कितीही ऊन दिलं तरी सुधारत नाही. जवळा (बारीक सुकी कोळंबी) चिमूटभर घेऊन वाटीभर पाण्यात टाकावा, वाळू असेल तर तळाशी बसते. सोडे (सोलून वाळवलेली कोळंबी) पाण्यात टाकल्यावर पाणी लाल-केशरी होऊ लागलं तर रंग चढवलेला आहे असं समजावं. खाऱ्या बांगड्यावर मिठाचा जाड थर असेल तर तो झटकून मगच वजन करायला सांगावं.

घरी आणल्यावर दोन दिवस कडक ऊन द्यावं. ऊन उतरायच्या आत आत घ्यावं, सावलीत निववावं आणि त्याच संध्याकाळी डब्यात भरावं. रात्रभर उघडं राहिलं तर किनाऱ्यावरची दमट हवा दिवसभराची मेहनत फुकट घालवते. गरम असतानाच झाकण लावलं तर झाकणाला आतून पाणी धरतं आणि पहिली बुरशी तिथूनच सुरू होते. पातळ प्लास्टिकची पिशवी बोंबलाला चालत नाही, त्याचे दात आणि काटे तिला भोकं पाडतात. सुकट मात्र कोरडीच मंद आचेवर परतून, पूर्ण निववून भरली तर जास्त टिकते.

मालवणकर :
बेगमीचा प्रवास उलट दिशेने झाला. शब्द फारसीतून आला : 'बे' म्हणजे विना आणि 'गम' म्हणजे चिंता. बेगमी म्हणजे निश्चिंती. निश्चिंतीसाठी केलेली तरतूद तीही बेगमीच झाली. 'बेगम' या शब्दाशी याचा काही संबंध नाही, तो तुर्की कुळातला आहे. हा गोंधळ पुष्कळदा होतो म्हणून सांगितलं.

म्हणून आगोट भरतात, बेगमी करतात. "बेगमी भरली" असं कानाला खटकतं. आगोट पावसाळ्यापुरतीच, बेगमी मात्र कशाचीही असू शकते : लाकडांची, गुरांच्या पेंढ्याची, म्हातारपणाची. आणि 'साठा' शब्दात मुदत नसते. व्यापाऱ्याचा साठा असतो, गोदामाचा असतो. बेगमीला मात्र कुठपर्यंत पुरायचं ते आधीच ठरलेलं असतं, ते ठरवल्याशिवाय बेगमी होतच नाही. आज मोठ्या दुकानात एकावर एक मोफत म्हणून सहा बाटल्या सरबत उचलणं याला बेगमी म्हणू नये असं माझं ठाम मत आहे.

तांदळाचंच उदाहरण घेऊ. जून ते सप्टेंबर म्हणजे १२२ दिवस. माणशी दिवसाला २०० ग्रॅम धरले तर चौघांना रोज ८०० ग्रॅम, एकूण ९७ किलो ६०० ग्रॅम. पाहुणे आणि गणपतीचे दिवस धरून ११० किलो आणावेत. गणपतीला घरात चाराचे दहा होतात, तेव्हा तो हिशोब वेगळा मांडावा, रोजच्या आकड्यात मिसळू नये. एकदम घेतल्यामुळे किलोमागे ५ रुपये वाचले तर ११० किलोंचे ५५० रुपये वाचतात. पण ५० रुपये किलोचा ११ किलो तांदूळ किडला की सगळी बचत गेली. म्हणजे दहातला एक हिस्सा नासला की बेगमी आतबट्ट्याची. त्यामुळे भाव करण्याइतकंच लक्ष ठेवणीकडे हवं.

देवगडकर :
मालवणकरांचा हिशोब पटला, पण तांदळाच्या ठेवणीबद्दल एक गोष्ट लगेच सांगायला हवी, कारण अलिबागकरांचं वाचून कुणीतरी तांदूळसुद्धा दोन दिवस कडक उन्हात घालेल. सडलेल्या, म्हणजे टरफल काढलेल्या, तांदळाला तसं ऊन देऊ नये. दाणा वरून झपाट्याने वाळतो, आत ओलावा राहतो, त्या ताणाने बारीक चिरा पडतात आणि शिजवताना कणी होते. तांदूळ सावलीत, वाऱ्यावर, चादरीवर पातळ पसरावा आणि अधूनमधून हात फिरवावा. ऊन द्यायचं ते भाताला, म्हणजे टरफलासकट असलेल्या दाण्याला, आणि डाळी-कडधान्यांना.

डबा आदल्या दिवशी धुऊन चालत नाही. धुऊन उन्हात कोरडा केलेला हवा, बुडाच्या कडेला राहिलेलं जुनं पीठ ब्रशने काढलेलं हवं. जुन्या हंगामातले किडे तिथेच दबा धरून असतात. थराथरात सावलीत वाळवलेला निगडीचा (निर्गुंडीचा) पाला घालण्याची रीत चांगली आहे. पाला ओला असेल तर मात्र किडीऐवजी बुरशी येते. डबा थेट फरशीवर ठेवू नये, पावसाळ्यात जमिनीचा ओलावा पत्र्याला गंज आणतो. खाली लाकडी पाट किंवा दोन विटा ठेवाव्यात. भिंतीपासून चार बोटं अंतर ठेवावं.

आणि या यादीत 'पुरवणे' हा शब्द कुणीच घेतला नाही. पुरणं हे आपोआप होतं, पुरवणं हे करावं लागतं. "पुरवून खा" म्हणजे कमी खा असं नव्हे. जेवढं आहे ते ठरलेल्या दिवसापर्यंत नेईल अशा बेताने खा. बेगमी मे महिन्यात होते, पुरवणं जून ते सप्टेंबर रोज करावं लागतं.

गुहागरकर :
पुरवण्याला नारळाइतकं चांगलं उदाहरण नाही. नारळ फोडल्यावर डोळ्यांकडची वाटी आधी वापरतात, कारण ती लवकर बुरसते. दुसरी वाटी आतून कोरडी पुसून, किंचित मीठ चोळून ठेवली तर बाहेर एखादा दिवस जास्त तगते. खवलेल्या खोबऱ्याचा पहिला दाट रस सोलकढीला किंवा कालवणात शेवटी घालायला, दुसरा पातळ रस भाजी शिजवायला. राहिलेला चोथा मंद आचेवर कोरडा भाजून लसूण-मिरचीबरोबर कुटला की चटणी होते. मात्र ती दोन दिवसांत संपवावी, चोथ्यात ओल राहतेच. करवंटी चुलीत जाते किंवा तिचा दवलो (डाव) होतो. सोडणं (नारळावरची काथ्याची साल) वाळवून न्हाणीच्या चुलीला. झावळीच्या पात्यांतले हीर काढून खराटा. यातलं एकही काम कंजूषपणाचं कुणी म्हणत नाही.

आता मूळ प्रश्नाकडे. 'वाळवण' हा शब्दही वेगळा ठेवला पाहिजे. वाळवण म्हणजे घरी वाळवलेलं : फणसाचे पापड, आंब्याचं साठं, आमसुलं. विकत आणलेली तूरडाळ बेगमीत येते, वाळवणात येत नाही. आमसुलं दोन्हींत येतात.

आमसुलांपाशी नावांची गर्दी आहे. झाडावरचं पिकलेलं फळ रातांबा, दक्षिणेकडे भिरंड. वाळवलेली साल म्हणजे आमसूल किंवा कोकम, मालवणीत सोलां. मीठ घालून टिकवलेला दाट रस म्हणजे आगळ. बियांपासून काढलेलं घट्ट तेल भिरंडेल. टाचांच्या भेगांना तेच लावतात.

करायची रीत अशी. रातांबे धुऊन, पुसून, फोडून साली वेगळ्या कराव्यात. गर आणि बिया एका भांड्यात घेऊन मीठ टाकावं, काही तासांत रस सुटतो. साली दिवसभर उन्हात, संध्याकाळी त्या रसात बुडवून रात्रभर तशाच, सकाळी पुन्हा उन्हात. याला पुट देणं म्हणतात. असे पाच-सहा दिवस गेले की साल काळपट लाल, चिवट आणि आंबट होते. पुटं कमी दिली तर रंग फिका राहतो आणि रोज जास्त सालं घालावी लागतात. मीठ जास्त झालं तर पावसात बरणीत पाणी सुटतं, कारण मीठ हवेतला ओलावा ओढतं. विकतची आमसुलं हाताला ओली-खारट लागली तर वजनात मीठ विकलं जातंय असं समजावं.

घराला किती? रोजच्या आमटीला १० ग्रॅम धरली तर १२२ दिवसांना १ किलो २२० ग्रॅम. आगळासाठी लिटरभर रसाला दीडशे ते दोनशे ग्रॅम मीठ लागतं. ते कमी केलं तर रस फसफसतो. आगळ ॲल्युमिनियमच्या किंवा पितळेच्या भांड्यात ठेवू नये, आंबट आणि खारट दोन्ही मिळून धातू खातात. काचेची बरणी किंवा चिनी मातीची. चमचा कोरडा.

ठाणेकर :
मुलुख सुटून फ्लॅटमध्ये आलेल्यांनी काय करावं? शंभर किलो तांदूळ ठेवायला जागा नाही, अंगण नाही, ऊन खिडकीत दोन तास येतं. आम्ही महिन्याचं सामान भरतो त्याला बेगमी म्हणायचं का?

मालवणकर :
नाही, ठाणेकर. ते महिन्याचं सामान, किराणा. ते नाव चांगलंच आहे, त्याला बेगमीचा मान द्यायची गरज नाही. फ्लॅटमध्ये सगळ्याची बेगमी करू नका. जे पावसात महाग होतं किंवा चांगलं मिळतच नाही, तेवढंच करा : आमसुलं, सुकी मासळी, मालवणी मसाला, कुळीथ. तांदूळ, साखर आणि तेल वर्षभर मिळतात.

कडधान्यांना ऊन मिळत नसेल तर हवाबंद पिशवीत घालून चार दिवस फ्रीझरमध्ये ठेवा, किडे आणि अंडी मरतात. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नका. ती पूर्ण खोलीच्या तापमानाला येऊ द्या, तासाभराने पाहा, बाहेरून कोरडी झाली की मग उघडा. गार दाण्यावर दमट हवा लागली तर दव धरतं आणि पंधरा दिवसांत डब्यात बुरशीची जाळी दिसते.

देवगडकर :
फ्लॅटच्या बेगमीत खारातल्या कैऱ्याही धरा, जागा एका बरणीची लागते. लिटरभर पाण्याला पावणेदोनशे ग्रॅम जाडं मीठ, पाणी उकळून पूर्ण गार करून. कैरी डाग नसलेली, देठासकट तोडलेली, पुसून कोरडी. वर तरंगणारी कैरीच बिघडते, कारण पाण्याबाहेर आलेल्या सालीवर बुरशी बसते. म्हणून वर ताटली आणि तिच्यावर धुतलेला दगड ठेवून सगळ्या कैऱ्या बुडालेल्या राहिल्या पाहिजेत. पावसात भाजी महाग झाली की एका कैरीत पेजेचं जेवण होतं. 'तोंडीलावणं' म्हणतात ते हेच.

चिपळूणकर :
बराच उलगडा झाला. म्हणजे आगोट हा हंगाम आणि त्या हंगामाची खरेदी. बेगमी ही मुदत ठरवून केलेली तरतूद. वाळवण त्यातला घरी केलेला भाग. आणि पुरवणं हे पुढचं रोजचं काम. एक शंका राहिली. अलिबागचा पांढरा कांदा माळेवर विकतात, वजनावर नाही. आगोटीच्या हिशोबात तो कसा बसवायचा?

अलिबागकर :
माळ किंवा वेणी, दोन्ही शब्द चालतात. पातीसकट विणलेली म्हणून वेणी. भाव करण्याआधी माळ हातात उचलून तोलावी आणि कांदे मोजावेत. सारख्या लांबीच्या दोन माळांत बारीक कांद्याची माळ दिसायला भरगच्च असते, पण साल-पात जाऊन हाती कमी येतं. मान चिमटीत दाबून पाहावी. मऊ लागली तर कांदा आत ओला आहे, तो पावसात आधी सडतो आणि शेजारच्याला लावतो. घरी माळ भिंतीला टेकू न देता आढ्याला किंवा दांडीला टांगावी, दोन माळांत वीतभर अंतर ठेवावं, चुलीची ऊब आणि वारा दोन्ही लागेल अशी जागा निवडावी. आठवड्यातून एकदा माळ फिरवून पाहावी. कोंब आलेला कांदा त्याच दिवशी कापायला घ्यावा, काळी भुकटी दिसलेला लगेच तोडून बाहेर टाकावा. चौघांच्या घरात रोज दोन कांदे धरले तर १२२ दिवसांना २४४ लागतात. पण पांढरा कांदा एवढे दिवस टिकेल या भरवशावर राहू नये. जुलैअखेरपर्यंतचा, म्हणजे जून-जुलैच्या ६१ दिवसांचे १२२ कांदे आणि वर वीसेक सडतील म्हणून, इतकाच टांगावा आणि पुढे लाल कांदा आणावा.