छोट्या सभागृहातील इंडी रॉक आणि पॉप-पंकचा कार्यक्रम: पहिल्यांदा जाताना काय लक्षात ठेवावे?

सांजधून:

इंडी रॉक (मोठ्या कंपन्यांपासून स्वतंत्र राहून केलेले रॉक) आणि पॉप-पंक (वेगवान पंकला सहज गुणगुणता येणाऱ्या चालींची जोड) मी अनेक वर्षे हेडफोनवर ऐकत आले आहे, पण प्रत्यक्ष कार्यक्रमाला जाण्याचा योग आजवर आला नव्हता. आता लवकरच एका छोट्या सभागृहात तीन बँड एकापाठोपाठ वाजवणार आहेत आणि मी तिकीट काढले आहे. जागा दीड-दोनशे माणसांची आहे, खुर्च्या नाहीत, सगळ्यांनी उभ्यानेच ऐकायचे आहे. शेवटचा बँड माझा अत्यंत आवडता असून त्यांची गाणी मला तोंडपाठ आहेत, त्यामुळे ती संध्याकाळ गोंगाटात वाहून जाऊ नये असे मनापासून वाटते. माझे वय चाळिशीच्या पुढे आहे, उंची बेताची आहे आणि सोबत कोणी नाही.

गाण्याचे शब्द नीट ऐकू यावेत यासाठी नेमके कुठे उभे राहावे? स्टेजसमोर जी ढकलाढकली चालते तिची धास्ती वाटते. ती टाळूनही पुढे राहता येते का? पहिल्या दोन बँडची नावे मी कधी ऐकलेली नाहीत, तेव्हा थोडे उशिरा गेले तर चालेल का? कानांची काळजी कशी घ्यावी, हेही सांगावे. अशा कार्यक्रमांना ज्यांचे नेहमी जाणे असते त्यांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

फेडर_वर_खाली:

शब्द ऐकू येण्याचा प्रश्न आधी घेतो, कारण छोट्या जागेत सर्वांत जास्त निराशा त्याच बाबतीत होते आणि ती टाळणे सोपे असते. मोठ्या मैदानावर प्रत्येक वाद्याचा आवाज माइकमधून मिक्सरकडे, म्हणजे सगळ्या आवाजांचा तोल जमवणाऱ्या यंत्राकडे जातो आणि तिथून स्पीकरमधून सर्वांपर्यंत पोहोचतो. छोट्या सभागृहात तसे होत नाही. ड्रमचा मूळ आवाजच खोली भरून टाकण्याइतका मोठा असतो, गिटारचे अ‍ॅम्प (गिटारचा आवाज मोठा करणाऱ्या पेट्या) थेट तुमच्या रोखाने वाजत असतात, आणि गायकाचा आवाज तेवढा स्टेजच्या दोन्ही बाजूंच्या स्पीकरमधून येतो. तुम्ही स्टेजला अगदी खेटून मधोमध उभ्या राहिलात, तर ते स्पीकर तुमच्या बाजूला किंवा मागेच राहतात आणि गाणे तुम्हाला वळसा घालून निघून जाते. त्यातच डिस्टॉर्शन लावलेली, म्हणजे आवाज मुद्दाम खरखरीत केलेली गिटार साधारण मानवी आवाजाच्याच पट्ट्यात सर्वाधिक जागा व्यापते, त्यामुळे शब्द पुरते झाकले जातात.

साउंड इंजिनिअर बहुधा सभागृहाच्या मागच्या भागात मिक्सर घेऊन बसलेला असतो, आणि त्याला तिथे जे ऐकू येते त्यावरूनच तो सगळा तोल जमवतो. म्हणून मिक्सरच्या चार पावले पुढे, शक्य तितके मध्यभागी उभे राहावे. भिंतीलगत आणि कोपऱ्यात बेसचा आवाज साचून घुमतो, त्या जागा टाळाव्यात. पहिले एक-दोन तुकडे गढूळ वाटले तरी लगेच मत बनवू नये. साउंडचेक, म्हणजे कार्यक्रमाआधीची आवाजाची चाचणी, रिकाम्या खोलीत झालेला असतो, माणसे भरली की त्यांच्या अंगावरचे कपडे वरच्या पट्ट्यातील आवाज शोषून घेतात, आणि इंजिनिअरला सगळे नव्याने बसवावे लागते.

कानांबद्दल मात्र तडजोड करू नका. कामाच्या ठिकाणासाठी अमेरिकेतील ‘नायॉश’ या संस्थेने सुचवलेली मर्यादा आठ तासांसाठी ८५ डेसिबल आहे, आणि आवाज दर ३ डेसिबलने वाढला की सुरक्षित वेळ निम्म्यावर येते. त्या हिशेबाने १०० डेसिबलला जेमतेम १५ मिनिटे मिळतात, आणि बंद खोलीतला रॉकचा कार्यक्रम ती पातळी सहज गाठतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ साली कार्यक्रमांच्या जागांसाठी जे मानक जाहीर केले, त्यातही १५ मिनिटांची सरासरी १०० डेसिबलच्या वर जाऊ नये असेच म्हटले आहे. फोमचे साधे इअरप्लग वरचे स्वर जास्त कापतात, त्यामुळे सगळे कोंदट ऐकू येते. संगीतासाठी बनवलेले इअरप्लग सर्व पट्ट्यांतला आवाज जवळजवळ सारखाच खाली आणतात. ते घातल्यावर शब्द अधिक स्पष्ट होतात, असा माझा नेहमीचा अनुभव आहे. पहिल्या गाण्याच्या आधीच ते कानात घाला. कानात शिटी वाजू लागल्यावर घालण्यात फारसा अर्थ राहत नाही.

डावीकडची_रांग:

वरचा सल्ला आवाजाच्या दृष्टीने बिनचूक आहे, तरीही मी तुम्हाला मागे उभे राहायला सांगणार नाही. ज्या बँडवर आपले इतके प्रेम आहे, त्याच्या गिटारवादकाची बोटे तारांवर कशी दाबली जातात, ड्रमर पुढच्या गाण्याची मोजणी सुरू करण्याआधी बेसवाल्याकडे कसा पाहतो, हे चार हातांवरून पाहायला मिळणे हीच छोट्या सभागृहाची खरी श्रीमंती आहे. शिवाय बेताच्या उंचीच्या माणसाला मागून फक्त पाठी दिसतात. माझे म्हणणे असे आहे की स्टेजच्या अगदी डाव्या किंवा उजव्या टोकाला, पहिल्या रांगेत जागा धरावी, आणि थेट स्पीकरच्या तोंडाशी येत नाही ना, एवढे पाहावे.

मॉश पिट, म्हणजे तुम्ही म्हणता त्या ढकलाढकलीचा घोळका, जवळजवळ नेहमी मधोमध, पहिल्या दोन-तीन रांगांच्या मागे तयार होतो, आणि त्याची चाहूल आधी लागते. गाण्याची लय एकदम निम्मी होते किंवा गिटार क्षणभर थांबतात, मधली माणसे मागे सरकून गोल मोकळा करतात, आणि ठेका परत आला की आत झेपावतात. तुम्ही टोकाला असलात तर फार तर एखादा खांदा लागेल. लांबून हे भांडणासारखे दिसत असले तरी त्याचे नियम पक्के असतात. कोणी पडले की आजूबाजूचे सगळे त्याला आधी उचलतात, कोणाची बुटाची नाडी सुटली तर दोघे-तिघे हात पसरून त्याच्याभोवती कडे करतात, आणि ज्याला खेळायचे नाही त्याला आत ओढायचे नसते. बंद बूट घाला, पाठीवरची पिशवी टाळा, आणि कोणी मुद्दाम त्रास देत असेल तर सरळ तिथल्या कर्मचाऱ्यांना सांगा.

ही शिस्त आपोआप आलेली नाही. कॅलिफोर्नियातील बर्कली येथे १९८६च्या अखेरीस सुरू झालेली ‘९२४ गिलमन स्ट्रीट’ ही पंक कार्यक्रमांची जागा स्वयंसेवक चालवत आले आहेत. तिथे सर्व वयाच्या लोकांना प्रवेश आहे, आणि हिंसा, वंशद्वेष व स्त्रीद्वेष यांना मनाई आहे. ‘ग्रीन डे’ हा पॉप-पंक बँड तिथेच वाढला. ‘फुगाझी’ या बँडचे सदस्य प्रेक्षकांत मारामारी दिसली की वाजवणे थांबवून समज देत असत, आणि १९९०च्या दशकात ‘बिकिनी किल’ या पंक बँडने स्त्रियांना आवर्जून पुढे बोलावण्याची रीत पाडली. तेव्हा एकटी स्त्री म्हणून पहिल्या रांगेत उभे राहताना संकोच बाळगू नका. ती जागा तुमच्यासाठी कोणीतरी झगडून मिळवलेली आहे.

बी_बाजू:

उशिरा जाऊ नका, एवढेच मला आग्रहाने सांगायचे आहे. तिकिटावर छापलेली वेळ पुष्कळदा दार उघडण्याची असते, वादन त्यानंतर सुरू होते. तरीही दार उघडताच जावे. पहिल्या बँडला साधारण अर्धा तास मिळतो, आणि समोर वीस माणसे असोत की दोनशे, तो त्या अर्ध्या तासासाठी जीव ओतून वाजवतो. अनेकदा मुख्य बँडनेच त्यांना निवडलेले असते, त्यामुळे तुमची आवड तिथे जुळण्याची शक्यता बरीच असते. मधल्या वेळेत स्टेजकडे लक्ष ठेवा. ड्रमचा मोठा संच बहुधा सगळ्यांत सामाईक असतो, आणि प्रत्येक ड्रमर स्वतःचा स्नेअर (संचातला कडक आवाजाचा छोटा ड्रम), झांजा व पायाचा पेडल घेऊन येतो आणि भराभर जोडतो.

या संगीताचा पायाच असा स्वतःच्या हाताने उभा केलेला आहे. ‘बझकॉक्स’ या इंग्लंडमधील पंक बँडने जानेवारी १९७७मध्ये आपली पहिली तबकडी स्वतःच्या लेबलवर, म्हणजे स्वतःच्याच प्रकाशन संस्थेतर्फे काढली, तेव्हापासून असंख्य बँड तोच मार्ग धरत आले आहेत. स्ट्रीमिंगमधून छोट्या बँडच्या हाती फारच थोडे पडते, म्हणून दाराजवळच्या टेबलावरचा टी-शर्ट किंवा तबकडी घेतली, तर त्यांच्या पुढच्या प्रवासाला खरी मदत होते. टेबलामागे बहुधा बँडमधलेच कोणीतरी उभे असते. कोणते गाणे आवडले ते त्यांना सांगा.

सांजधून:

सर्वांचे मनःपूर्वक आभार. पहिल्या बँडपासून हजर राहीन आणि इअरप्लग आजच मागवते. जागेबाबत दोन मते आली आहेत, तर पहिल्या दोन बँडच्या वेळी मिक्सरजवळ आणि शेवटच्या बँडला डाव्या टोकाला असे केले तर? आणखी एक विचारायचे राहिले: सोबत मोठ्याने गायलेले चालते का?

फेडर_वर_खाली:

बेत उत्तम आहे, फक्त दुसरा बँड संपताच पुढे सरका, कारण सामान बदलण्याच्या त्या वेळेतच रांगा मोकळ्या होतात. गाण्याबद्दल म्हणाल तर अवश्य गा. पॉप-पंकची धृपदे सगळ्यांनी एकत्र गाण्यासाठीच रचलेली असतात आणि गायक अनेकदा माइक प्रेक्षकांकडे वळवतो. एखादे संथ गाणे केवळ एका गिटारवर चालू असेल, तर मात्र गाणे आणि बोलणे दोन्ही थांबवावे.