चार एकरांत काहीही न जाळता शेती करायची आहे. उसाच्या पाचटाचे (तोडणीनंतर रानात उरणाऱ्या वाळलेल्या पानांचे) काय करावे?

प्रश्न (करवीर तालुका)
भोगावतीकाठी आमची चार एकर शेती आहे. तीन एकर ऊस, उरलेल्या जागेत भात आणि भाजीपाला, गोठ्यात चार म्हशी. सासरे, दीर, जाऊबाई आणि आम्ही दोघे, असे सगळे घरचेच राबतो. गेल्या हंगामात शेजारच्या उसाच्या फडाला लावलेली आग आमच्या बांधापर्यंत आली आणि बांधावरची दोन जांभळे होरपळली. तेव्हापासून आपल्या रानातले काहीही जाळायचे नाही, असे मी ठरवले आहे. वाढे (उसाचे हिरवे शेंडे) आणि भाताचे पिंजर वैरणीला जाते, शेण उकिरड्यावर जाते. अडते ते पाचटापाशी. पाचट ठेवले की खोडवा (तोडलेल्या उसाच्या बुडख्यांतून पुन्हा फुटणारे पीक) पिवळा पडतो आणि हुमणी (मुळे खाणारी अळी) वाढते, असे सासऱ्यांचे चाळीस वर्षांच्या अनुभवातून आलेले मत आहे. ते मला डावलायचे नाही. यावर उपाय आहे का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर 1 (कागल)
ताई, सासऱ्यांनी पाहिलेला पिवळेपणा खरा आहे, मात्र त्याचे मूळ नत्राच्या ओढाताणीत आहे. हेक्टरी साधारण 8 ते 10 टन पाचट निघते. त्यात कर्ब भरपूर असतो, पण नत्र जेमतेम अर्धा टक्का, त्यामुळे ते कुजवणारे जिवाणू स्वतःच्या वाढीसाठी जमिनीतले नत्र आधी उचलतात आणि कोवळ्या फुटव्यांना ते कमी पडते. म्हणूनच टनामागे 8 किलो युरिया, 10 किलो सुपर फॉस्फेट आणि 1 किलो जिवाणू संवर्धक पाचटावर टाकून पाणी देण्याची शिफारस आहे. आम्ही पहिल्याच वर्षी युरिया पूर्ण बंद करून केवळ शेणाच्या पातळ स्लरीवर भिस्त ठेवली आणि खोडवा दोन महिने मागे राहिला. ती घाई आपण करू नये. पाचट सरीत दाबून बसवावे आणि बुडखे मोकळे ठेवून धारदार कोयत्याने जमिनीलगत छाटावेत, म्हणजे फुटवे जमिनीखालून जोमदार येतात.

आपल्या चार म्हशींच्या शेणावर दोन घनमीटरचा गोबर गॅस सहज चालेल, कारण त्याला रोज सुमारे 50 किलो शेण लागते. चूलही पेटेल आणि स्लरीही रानात जाईल.

उत्तर 2 (शिरोळ)
हुमणीसाठी पाचटाआधी उकिरडा तपासावा. अर्धवट कुजलेल्या शेणखतातूनच तिच्या अळ्या बहुधा रानात येतात. वळवाचे पहिले पाऊस झाले की भुंगेरे संध्याकाळी कडुनिंब आणि बाभळीवर जमतात. हे भुंगेरे म्हणजे हुमणीचेच प्रौढ कीटक, म्हणून तेव्हा फांद्या हलवून ते गोळा करावेत आणि रॉकेल मिसळलेल्या पाण्यात टाकावेत. हे काम एकट्या घराने करून भागत नाही, शेजाऱ्यांनाही बरोबर घ्यावे लागते. अळ्यांसाठी मेटारायझियम बुरशी चांगल्या कुजलेल्या खतात मिसळून ओल असताना द्यावी.

उत्तर 3 (पन्हाळा)
आमचे घरचे गुऱ्हाळ आहे. चिपाडे चुलाणात जळतात आणि राख रानात परत जाते, काहिलीतून निघालेली मळी खतात जाते. तरीही 'काहीही जाळायचे नाही' या आपल्या निश्चयाला एक अपवाद ठेवावा, अशी कळकळीची विनंती आहे. चाबूक काणी (उसाच्या शेंड्यातून चाबकासारखा काळा पट्टा बाहेर येणारा बुरशीचा रोग) दिसली की तो काळा पट्टा पिशवीत झाकून उसाचे ते बेट मुळासकट उपटावे आणि जाळून टाकावे. ते खताच्या खड्ड्यात गेले, तर रोग सगळ्या रानात पसरेल.

प्रश्नकर्तीकडून
आपणा सर्वांचे मनापासून आभार. उत्तरे सासऱ्यांना वाचून दाखवली. त्यांनी ओढ्याकडच्या अर्ध्या एकराचा खोडवा यासाठी सोडला आहे. तिथे दोन टनांच्या आत-बाहेर पाचट निघेल, म्हणजे 16 किलो युरिया लागेल. उकिरडा या आठवड्यात उपसून पाहू. काणीची गोष्ट मला ठाऊक नव्हती. फडातून फेरी मारताना आता पिशवी बरोबर ठेवेन.