एस्टीमला टर्बो टाकायचाय, हवा मोजायला मॅफ घ्यावा का मॅपवरच राहावं?

लातूरचा_एस्टीमवाला:
नमस्कार मंडळी, वडिलांची १३०० ची एमपीएफआय एस्टीम आहे, विकायची नाही म्हणून हौसेनं करायलोय. हेडर आन मोठा एक्झॉस्ट झालाय, स्टँडअलोन ईसीयू (पेट्रोल किती द्यायचं ते ठरवणारा वेगळा कॉम्प्युटर) आणून ठेवलाय, दिवाळीपर्यंत छोटा टर्बो टाकायचा, बूस्ट म्हणजे टर्बोचा जादा दाब अर्धा बारच. अडकलोय ते हवा मोजण्यावर. कंपनीचा मॅप सेन्सर आहे, तो मॅनिफोल्डमधल्या हवेचा दाब मोजतो, पण एक जण म्हणतो आत येणारी हवाच मोजणारा मॅफ टाक, ट्यूनिंग सोपं जातं, दुसरा म्हणतो अल्फा-एन कर, थ्रॉटल आन आरपीएमवर सगळं भागतंय. वाइडबँड (हवा-पेट्रोलचं प्रमाण दाखवणारा मीटर) आहे माझ्याकडं. कुणी स्वतः केलंय का?

संभाजीनगर_ऑक्टाव्हिया:
दादा माझी १.८ टी कंपनीकडूनच मॅफवर आहे आन मॅफ चांगलाच हे आधी सांगतो, आतला गरम भाग हवेनं किती गार होतोय त्यावरून हवेचं वजनच कळतं, ऊन असो का घाट, एक्झॉस्ट बदलला तरी पेट्रोल बरंचसं जुळवून घेतं. पण मी तेल लावायचा फिल्टर टाकला, तेल जास्त झालं, त्यात आपली काळ्या मातीची धूळ, सगळं सेन्सरवर चिकटलं आन तो हवा कमी दाखवायला लागला. गाडी लीन, म्हणजे हवेच्या मानानं पेट्रोल कमी, मी मात्र प्लग आन कॉइल बदलत बसलो, तीन महिने गेले. टर्बोत पाइपाचे जोड वाढतात, मॅफच्या पुढं एक क्लॅम्प ढिला राहिला की हिशोब चुकला. बीओव्ही (थ्रॉटल सोडल्यावर जादा हवा काढणारा व्हॉल्व्ह) बाहेर सोडणार असशील तर मॅफ नकोच, मोजलेली हवा बाहेर जाती आन तिचं पेट्रोल मात्र पडतंच.

वाळूज_रात्रपाळी:
अल्फा-एन डोक्यातून काढून टाक भाऊ. थ्रॉटल ४० टक्के उघडा असताना बूस्ट शून्य पण असू शकतो आन अर्धा बार पण, ईसीयूला कळणार कसं? ते चार वेगळे थ्रॉटल असलेल्यांसाठी किंवा एवढा मोठा कॅम की आयडलला व्हॅक्यूमचा काटा नाचतच राहतो, त्यांच्यासाठी.
तू स्पीड डेन्सिटीवरच राहा, म्हणजे मॅप, हवेचं तापमान, आरपीएम आन व्हीई टेबल (कुठल्या आरपीएम-दाबाला सिलिंडर किती टक्के भरतो त्याचा तक्ता). पण आत्ताचा सेन्सर चालणार नाही, हे लई महत्त्वाचं. तो नॉन-टर्बो गाडीचा, साधारण १०५ केपीएला संपतो (१०० केपीए म्हणजे १ बार). लातूर उंचावर आहे, हवेचा दाब मुळात ९४-९५, त्यात अर्ध्या बारचे ५० मिळव, झाले १४५. सेन्सर १०५ वरच अडकून बसणार, ईसीयू तेवढ्याच हवेचं पेट्रोल देणार आन पिस्टन वितळणार. अडीच किंवा तीन बारचा घे आन ईसीयूत त्याचं कॅलिब्रेशन बदल, नुसता बसवून चालू करू नको.
व्हीई टेबल आधी बूस्टशिवाय नीट कर. हिशोब सोपा आहे, टार्गेट १३ (एक भाग पेट्रोलला १३ भाग हवा) आन वाइडबँड १४.३ दाखवतोय तर गाडी दहा टक्के लीन, त्या खान्यात ७० असेल तर ७७ कर. मॅफवाल्याचं हे काम वाचतं हे खरं, पण पाइप ६० चा ७० एमएम केला तरी त्यालाही सगळी कर्व्ह नव्यानं काढावी लागती.

लातूरचा_एस्टीमवाला:
हे १०५ वालं कुणीच सांगितलं नव्हतं मला. आन उन्हाचं काय? मे महिन्यात इकडं ४२-४३ होतंय.

वाळूज_रात्रपाळी:
उन्हाला घाबरू नको, सेन्सरच्या जागेला घाबर. हवेचं तापमान मोजणारा आयएटी मॅनिफोल्डच्या धातूत असला की सिग्नलला उभं राहिल्यावर इंजिनच्या धगीनं तापतो. हवा ४८ ची आन तो दाखवतोय ७०, म्हणजे ईसीयूला हवा सहा-सात टक्के विरळ वाटती, तेवढं पेट्रोल कमी, आन निघताना गाडी ओढत नाही. लोक व्हीई टेबल खालीवर करत बसतात, ते सकाळी परत चुकतं. इंटरकूलरच्या पुढच्या पाइपात, थ्रॉटलच्या आधी बसव, सेन्सर उघड्या टोकाचा घे, लवकर वाचतो.

संभाजीनगर_ऑक्टाव्हिया:
आन बूस्टमध्ये पहिला पुल (फुल थ्रॉटलची धाव) मारताना शेजारी एक माणूस फक्त वाइडबँडकडं बघायला बसव, साडेबाराच्या वर गेला की लगेच पाय काढायचा.

लातूरचा_एस्टीमवाला:
अडीच बारचा बघायलोय. रविवारी आयएटी कुठं बसवलाय ते बघून फोटो टाकतो.