मदत हवी आहे : उभ्या गाड्यांपासून सायकल किती लांब ठेवायची?

नमस्कार मंडळी,

कोथरूडहून डेक्कनला रोज सायकलनं ऑफिसला जातो. कॉलेजात याच रस्त्यानं जायचो, आता अठ्ठेचाळिसाव्या वर्षी पुन्हा सुरू करून चार महिने झाले. गेल्या गुरुवारी नळस्टॉपच्या अलीकडे कडेला उभ्या असलेल्या गाडीचं ड्रायव्हरकडचं दार एकदम उघडलं. ब्रेक दाबले, तरी हँडलचं टोक दाराला लागलंच आणि मी उजवीकडे, भर रस्त्यात पडलो. मागच्या बसवाल्यानं वेळेत बस थांबवली म्हणून मनगट मुरगळण्यावर आणि कोपर सोलवटण्यावर निभावलं. गाडीतले काका माझ्याहून जास्त घाबरले होते. कडेला बसवून पाणी दिलं आणि म्हणाले, "आरशात बघितलं होतं हो, गाडी नव्हती मागे."

ते वाक्य डोक्यातून जात नाहीये. रविवारी मीही गाडी काढतो, तेव्हा आरशात मीसुद्धा फक्त गाड्याच शोधत असणार.

लहानपणापासून ऐकलंय, सायकल डावीकडे कडेनं चालवायची. पण कडेनं म्हणजे नेमकं या दारांच्या टप्प्यात! उजवीकडे सरकावं तर मेट्रोच्या खांबांमुळे रस्ता आधीच अरुंद, लगेच मागून हॉर्न सुरू. फुटपाथवर सायकल ट्रॅकचा तुकडा आहे तिथे दुचाक्या लावलेल्या. मग किती अंतर ठेवायचं? थांब्यावर बस शिरताना काय करायचं? गाडी चालवणाऱ्यांनीही मोकळेपणानं सांगा, सायकलवाल्यानं काय केलं की तुम्हाला अंदाज येतो?

घरून स्कूटर घ्यायचा आग्रह चाललाय. मला सायकल सोडायची नाही.

प्रतिसाद १

मनगटाचा एक्स-रे काढून घ्या आधी.

मी बरीच वर्षं ट्रक चालवला. दार पूर्ण उघडलं की साधारण मीटरभर बाहेर येतं, तुम्ही त्याहून हातभर जास्त लांब राहा. दोन गाड्यांमध्ये मोकळी जागा दिसली की आत शिरायचं आणि पुन्हा बाहेर यायचं, हे मात्र करू नका. आम्हाला त्याचाच अंदाज येत नाही. सरळ एका रेषेत चला. हॉर्न वाजवणाऱ्याला तुम्ही दिसलेले असता, त्याला घाबरून कडेला जाऊ नका.

बसच्या डावीकडून कधीच घुसायचं नाही. वळताना मागची चाकं पुढच्या चाकांपेक्षा आतून जातात आणि माणूस चाक नि फुटपाथ यांच्यात सापडतो. बसच्या आरशात ड्रायव्हरचं तोंड दिसत नसेल, तर त्यालाही तुम्ही दिसत नाही. मागेच थांबा.

प्रतिसाद २

मी इंग्लंडमध्ये असते. इथेही गाड्या डावीकडूनच चालतात. 2022 मध्ये इथल्या हायवे कोडमध्ये, म्हणजे रहदारीच्या नियमपुस्तिकेत, भर पडली : ताशी 30 मैलांपर्यंतच्या वेगात सायकलला ओलांडताना किमान दीड मीटर अंतर ठेवावं आणि दार उघडताना दारापासून लांबचा हात वापरावा. म्हणजे ड्रायव्हरनं डावा. हात असा आडवा नेला की खांदा वळतो आणि नजर मागे जाते. घरातल्या सगळ्यांना ही सवय लावा.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. एक्स-रे काढला, हाड शाबूत आहे. संध्याकाळी गाडीत बसून डाव्या हातानं दार उघडून पाहिलं, मान खरंच मागे वळते. मुलीकडूनही चार वेळा करून घेतलं, ती मागे डावीकडे बसते म्हणून तिला उजवा हात.

एक राहिलंच. उजवीकडे सरकण्याआधी मागे वळून बघताना माझी सायकलच उजवीकडे झुकते. हँडलला आरसा लावलेलं कुणी आहे का इथे? पावसात त्यात काही दिसतं का?