गरोदरपणातील मद्यपानाविषयी आईने सहा वर्षांनी दिलेली माहिती ग्राह्य धरावी का?

गंगापूररोडकर: मी नाशिकमध्ये सामाजिक वैद्यकशास्त्राचा प्रबंध करत असून, पेठ आणि सुरगाणा तालुक्यांतील सहा वर्षांच्या मुलांच्या आयांना गरोदरपणातील मद्यपानाविषयी विचारणार आहे. इतक्या जुन्या आठवणींवर विसंबू नये, त्यावेळच्या नोंदी पाहाव्यात, असे मार्गदर्शक म्हणतात. परंतु मी चाळलेल्या माता-बाल संरक्षण कार्डांवर दारूविषयी एक अक्षरही नाही.

जुना संख्याशास्त्री: गरोदरपणी विचारले म्हणजे खरे उत्तर मिळते, हे गृहीतकच कच्चे आहे. डेट्रॉइटमधील २८८ स्त्रियांना आधी गरोदरपणी आणि पुन्हा १४ वर्षांनी त्याच गरोदरपणाबद्दल विचारले, तेव्हा दुसऱ्या खेपेस त्यांनी बरेच जास्त मद्यपान सांगितले, आणि शिक्षकांनी नोंदवलेल्या मुलांच्या वर्तनाशीही हीच उशिराची माहिती अधिक जुळली. बोलणी खाण्याची धास्ती ओसरल्यावर जीभ मोकळी होते. मात्र मूल मागे पडलेले असेल, तर आई कारण शोधत एकेक घोट आठवते. म्हणून निरोगी मुलांच्या आयांशी तुलना करताना जपा. रक्ततपासणी सुचवणाऱ्यांकडे लक्ष देऊ नका, कारण मद्यपानाची खूण म्हणून रक्तात मोजले जाणारे फॉस्फॅटिडिलएथॅनॉल काही आठवड्यांत नाहीसे होते.

हरसूलची आशा सेविका: आमच्याकडे खरी अडचण मापाची आहे. ‘एकच ग्लास’ म्हणणाऱ्या बाईला मी घरातला स्टीलचा ग्लास आणायला लावते आणि ती दाखवेल तिथपर्यंत पाणी भरून मोजते. त्यातही मोहाची दारू पहिल्या धारेची, म्हणजे कडक, होती की नंतरची सौम्य, यावर सगळे अवलंबून असते. सासू उंबऱ्यात बसली असेल, तर त्या दिवशीचे उत्तर कोरेच समजा. ‘कितव्या महिन्यात?’ असे न विचारता ‘होळीला पोट दिसत होते का?’ असे विचारावे.

जुना संख्याशास्त्री: मापाचा मुद्दा माझ्याकडून सुटला होता. ४२.८ टक्के मद्यार्काच्या १८० मिलीच्या क्वार्टरमध्ये सुमारे ६० ग्रॅम अल्कोहोल असते, म्हणजे दहा ग्रॅमचे एक माप धरल्यास सहा मापे. प्रश्नावलीत ‘एक’ लिहिले की तिथेच घोळ होतो.

गंगापूररोडकर: आभारी आहे. प्रश्नावलीत सण, ग्लासचे मिलीलिटर, धार आणि मुलाखतीच्या वेळी शेजारी कोण होते, असे चार रकाने वाढवतो. मोहाच्या दारूचे ग्रॅम न काढता तिचे मिलीलिटर वेगळेच ठेवीन.