पोटात घेतो तीच भुकटी, मग भीती कशाला? एका टिपणाला उत्तर

तराजू (धागाकर्ता):
'कच्चामाल' यांनी काल लिहिलेले टिपण वाचून मी अस्वस्थ झालो. त्यांचे म्हणणे असे की, जे द्रव्य डॉक्टर रुग्णाला पोटात घ्यायला सांगतात तेच औषध कारखान्यात ड्रममधून काढताना आपण नखशिखांत झाकून घेतो, हा निव्वळ भीतीचा बाजार आहे; एमएसडीएस (द्रव्यासोबत येणारे सुरक्षा-माहितीपत्रक) वकिलांसाठी लिहिलेले असते; आणि त्यांनी स्वतः 22 वर्षे कापडी मास्कवर डिस्पेन्सिंग (कच्च्या मालाचे वजन करून वाटप) केले तरी त्यांना काहीही झाले नाही. नुकतीच कामाला लागलेली मुले हे वाचतात, म्हणून सविस्तर उत्तर देतो.

आठ तासांच्या पाळीत माणूस सुमारे 10 घनमीटर हवा आत घेतो, असे धरून हवेतील भुकटीच्या मर्यादा ठरवतात. हवेच्या प्रत्येक घनमीटरमध्ये 1 मिलिग्रॅम भुकटी तरंगत असेल, तर पाळी संपेपर्यंत 10 मिलिग्रॅम श्वासावाटे आत ओढली जाते. ती भुकटी पॅरासिटामॉलची असेल तर 500 मिलिग्रॅमच्या गोळीचा तो पन्नासावा भाग झाला, आणि तेवढ्यापुरते 'कच्चामाल' यांचे म्हणणे मला मान्य आहे. पण त्याच ड्रममध्ये लेव्होथायरॉक्सिन हे थायरॉइडचे औषध असेल, तर 10 मिलिग्रॅम म्हणजे 100 मायक्रोग्रॅमच्या शंभर गोळ्या होतात. गर्भनिरोधक गोळ्यांतले एथिनिल एस्ट्राडिओल हे हार्मोन असेल, तर 30 मायक्रोग्रॅमच्या तीनशेहून अधिक गोळ्या होतात. 1970च्या दशकात गर्भनिरोधक गोळ्यांच्या कारखान्यात पुरुष कामगारांची स्तने वाढल्याची आणि स्त्री कामगारांना अवेळी रक्तस्राव झाल्याची नोंद आहे. त्यांपैकी कोणीही ती गोळी घेत नव्हते.

शिवाय रुग्ण औषध घेतो ते आजार असतो म्हणून, ठरलेल्या दिवसांपुरते आणि कोणाच्या तरी देखरेखीखाली. वजन करणाऱ्या माणसाला आजार नसतो, मात्रा कोणी लिहून दिलेली नसते आणि ती वर्षानुवर्षे थांबत नाही.

कच्चामाल:
आपण उदाहरणे निवडून घेतली आहेत. मी हार्मोन किंवा कर्करोगाची औषधे कधीही हाताळली नाहीत आणि त्यांच्याविषयी माझ्या टिपणात एक अक्षरही नव्हते. माझी तक्रार वेगळी आहे. लॅक्टोज, स्टार्च, पॅरासिटामॉल आणि अत्यंत प्रभावी घटक या सर्वांना एकच पोशाख आणि एकच इशारा लावला, की कामगार सगळेच इशारे वाचायचे सोडून देतो. पूर्ण पोशाखात तीन तास घामाघूम झालेला एक सहकारी माझ्या डोळ्यांदेखत चक्कर येऊन ड्रमवर कोसळला. ड्रममध्ये स्टार्च होते. एमएसडीएसच्या विषशास्त्राच्या विभागात 'माहिती उपलब्ध नाही' हे वाक्य ओळीने सात वेळा छापणाऱ्यांनी आम्हाला सावधगिरी शिकवू नये.

तराजू:
'माहिती उपलब्ध नाही' याचा अर्थ 'धोका नाही' असा होत नाही. ज्या नव्या रेणूची पुरेशी तपासणी झालेली नाही, तो माहिती मिळेपर्यंत वरच्या धोकागटात ठेवायचा, हीच रीत आहे. बाकी सरसकट एकच पोशाख लावणे चूक आहे, एवढे मी मान्य करतो. धोकागट पाडतात ते त्यासाठीच.

श्वास:
दोघेही मात्रेचा हिशेब मांडत आहात. माझा अनुभव त्या हिशेबात बसत नाही. मी इसबगोलाच्या भुकटीच्या पॅकिंगवर होतो. बद्धकोष्ठावरचे ते साधे औषध आहे, त्यामुळे मास्क हवा असे कोणालाच, मलाही, वाटले नाही. दुसऱ्या वर्षी शिंका सुरू झाल्या, मग छातीत घरघर. सुटीच्या दिवशी आराम पडायचा आणि कामावर परतले की त्याच रात्री खोकला उसळायचा. हा व्यवसायजन्य दमा आहे, असे निदान व्हायला आणखी दीड वर्ष गेले. आता कोणी शेजारच्या खोलीत ते पाकीट फोडले तरी माझा श्वास अडकतो. शरीर एकदा संवेदनशील झाले की पुढे किती कमी भुकटी पुरेल याचे गणित कोणी मांडू शकत नाही. पेनिसिलिन गटाचे उत्पादन वेगळ्या इमारतीत करायला लावतात त्यामागेही हीच ॲलर्जी आहे. 'कच्चामाल', आपल्याला 22 वर्षांत काही झाले नाही याचा मला मनापासून आनंद आहे, पण माझ्या फुप्फुसांना त्याचा काय उपयोग?

मॅनहोल:
पॅरासिटामॉलला निरुपद्रवी म्हणून दोघांनी बाजूला ठेवले, म्हणून लिहितो. ते सेंद्रिय द्रव्य आहे. बारीक दळून हवेत उधळले तर त्याचा स्फोट होऊ शकतो. लॅक्टोज, स्टार्च आणि ॲस्पिरिनचेही तसेच आहे. काही बारीक औषधी भुकट्यांना पेटण्यासाठी 10 मिलिज्यूलहून कमी ऊर्जा पुरते आणि माणसाच्या अंगावर साठलेल्या स्थिर विजेच्या ठिणगीत तेवढी ऊर्जा सहज असते.

मी रिॲक्टरवर, म्हणजे रसायनांची प्रक्रिया होते त्या बंद टाकीवर, सुपरवायझर होतो. आत टोल्युइन हे ज्वालाग्राही द्रावक होते आणि माझा माणूस मॅनहोलमधून, म्हणजे टाकीच्या वरच्या तोंडातून, प्लॅस्टिकच्या लायनरमधली (ड्रमच्या आतल्या पिशवीतली) भुकटी ओतत होता. रिॲक्टरला अर्थिंग होते. पण प्लॅस्टिकच्या लायनरला अर्थिंग करून उपयोग नसतो आणि आतली वाफ पेटू नये म्हणून सोडतात तो नायट्रोजन त्या दिवशी बंद होता. एक निळसर भडका बाहेर आला आणि गेला. त्याच्या भुवया, पापण्या आणि उजव्या हाताची कातडी गेली. चौकशीत 'कामगाराचा निष्काळजीपणा' असे लिहिले गेले आणि त्या कागदावर माझीही सही आहे. ती सही मी केली नसती तर बरे झाले असते.

रात्रपाळी:
थोडे अवांतर वाटेल, पण मूळ दुखणे हेच आहे. पाळी संपली की अंगावरची भुकटी झटकायला आम्हाला कॉम्प्रेस्ड एअरची नळी दिलेली असते. नंतर 'भुकटी उडवू नका' असा फलक लावला जातो. व्हॅक्यूम मागितला तर खरेदी विभाग चार महिने उत्तर देत नाही. मग उडवणारा दोषी कसा?

कच्चामाल:
आम्हीही नळीनेच कपडे साफ करायचो आणि त्यात काही गैर आहे असे आजही मला वाटत नाही. हवा ओढून घेणाऱ्या बूथमध्ये उभे राहून झटकले तर भुकटी गाळणीत जाते.

मॅनहोल:
आपण हे गंभीरपणे लिहीत आहात का? कारखान्याच्या लाइनमध्ये 6 ते 7 बार, म्हणजे सुमारे 90 ते 100 पीएसआय दाब असतो. अमेरिकेच्या नियमात सफाईसाठी 30 पीएसआयपेक्षा कमी दाब आणि डोळ्यांच्या रक्षणाची सोय सांगितली आहे, आणि तीही यंत्रांच्या सफाईसाठी. अंगावर हवा मारण्यासाठी नव्हे. ती हवा जखमेतून कातडीखाली शिरू शकते. आणि तिने उडालेली सगळी भुकटी गाळणीत जात नाही. जड कण खाली बसतात, बारीक कण दिव्यांच्या आणि पाइपांच्या पाठीवर जाऊन बसतात.

वेस्ट फार्मास्युटिकल कंपनीचा अमेरिकेतल्या किन्स्टनचा कारखाना 29 जानेवारी 2003 रोजी उडाला, 6 माणसे मेली आणि 38 जखमी झाली. तिथे इंजेक्शनसाठी लागणारे रबरी भाग बनत. डोळ्यांसमोरची जागा स्वच्छ ठेवलेली होती. पॉलिएथिलीनची भुकटी साठली होती ती खोट्या छताच्या वर. पुरवठादाराच्या एमएसडीएसमध्ये सुकलेल्या भुकटीच्या स्फोटाचा इशारा नव्हता. तेव्हा एमएसडीएस अपुरे असते, हे आपले म्हणणे मी मान्य करतो, पण त्यातून निघणारा निष्कर्ष आपल्या निष्कर्षाच्या नेमका उलट आहे.

कच्चामाल:
माझ्या 22 वर्षांच्या कामाला आपण मूर्खपणा ठरवत आहात. ज्यांनी आयुष्यात एकही ड्रम उचलला नाही असे लोक दुसऱ्या देशातल्या अपघातांचे दाखले देतात आणि नळी धरणाऱ्याला गुन्हेगार ठरवतात.

मॅनहोल:
ड्रम मीही उचलले आहेत. वरचा भडका मी पुस्तकात वाचलेला नाही.

रात्रपाळी:
नळी धरणारा मी आहे आणि मला कोणी गुन्हेगार म्हटलेले नाही. कापडी मास्कचे मात्र सांगतो, 'कच्चामाल'. कापड आणि सर्जिकल मास्क दोन्ही कडेने उघडे असतात. एन95 मास्क 0.3 मायक्रॉनच्या आसपासचे 95 टक्के कण अडवतो, पण चेहऱ्याला घट्ट बसला तरच; दाढीवर तो बसत नाही, आणि आमच्या पाळीत मास्क बसतो की नाही हे तपासायला आजवर कोणी आलेले नाही. मोठे ड्रम बूथच्या बाहेर उघडायला लावून वर मास्क दिला म्हणजे जबाबदारी संपली, हे मला मान्य नाही. हवा ओढून घेणारे बूथ आधी, बंद नळीतून भरणे त्याही आधी, आणि मास्क सर्वांत शेवटी.

तराजू:
या क्रमाबद्दल माझे दुमत नाही. मी मास्कवर भर दिला असे वाटले असेल, तर ती माझ्या लेखनातली उणीव आहे.

श्वास:
कपड्यांचा विषय निघालाच आहे, तर ते घरी नेऊ नका. माझा एप्रन माझी आई धूत असे आणि त्या वर्षी तिलाही खोकला लागला होता. तो कशाने होता, हे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही, पण त्यानंतर एप्रन मी घरी नेला नाही.

कच्चामाल:
'श्वास' यांचा प्रतिसाद मी दोनदा वाचला. माझ्या टिपणातील 'काही होत नाही' हे वाक्य काढतो आणि हार्मोन, पेनिसिलिन व इसबगोल यांचा उल्लेख जोडतो. नळीबद्दलचे वाक्यही काढतो. 'मॅनहोल' यांच्या बोलण्याची पद्धत मला आवडलेली नाही, हे नोंदवून. स्टार्चच्या ड्रमसाठी पूर्ण पोशाख नको, हे वाक्य राहील.

मॅनहोल:
ते राहू द्या. फक्त स्टार्चच्या ड्रमलाही अर्थिंगची क्लिप लावा असे त्यापुढे लिहा. आणि 'रात्रपाळी', व्हॅक्यूम मागताना साधा मागू नका. स्फोटक भुकटीसाठी प्रमाणित, अर्थिंग केलेला आणि हेपा (अतिसूक्ष्म कण अडवणाऱ्या) गाळणीचा, असे अर्जात स्पष्ट लिहा, नाहीतर स्वस्तातला आणून देतील आणि त्याच्याच मोटरमध्ये ठिणगी पडेल.

रात्रपाळी:
हा चौथा अर्ज असेल. उद्या सकाळी देतो. पोच घेतल्याशिवाय खिडकीवरून हलणार नाही.